चकाकलं म्हणजे जनुक चालू आहे का?

जिवंत प्राण्यात एखादं जनुक कधी जागं होतं, कुठे जागं होतं आणि कधी निजतं, हे प्राणी न मारता पाहायचं असेल तर त्या जनुकाच्या नियंत्रणाखाली चकाकणारं प्रथिन बसवतात. अशा प्रथिनाला रिपोर्टर म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची अडचण मुळात एकच आहे: जनुक आणि पडद्यावरचं चित्र यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात आणि चूक त्यातल्या कुठल्याही पायरीवर होऊ शकते.

प्रश्न : जेलीफिशचं प्रथिन उंदरात, माशात, कृमीत कसं काय चकाकतं? सोबत काही रसायन द्यावं लागत नाही का?

जेलीफिशच्या या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाला जीएफपी म्हणतात आणि त्याला लागत नाही. ओसामू शिमोमुरा यांनी हे प्रथिन १९६२ मध्ये इक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून वेगळं केलं. डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक १९९२ मध्ये मिळवलं आणि मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते जीवाणूत आणि सूत्रकृमीत चकाकवून दाखवलं. २३८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची तीन अमिनो आम्लं आपसात जुळून रंगकेंद्र तयार करतात. बाहेरून लागतो तो फक्त ऑक्सिजन. शिमोमुरा, चाल्फी आणि या प्रथिनाचे अनेक रंग घडवणारे रॉजर त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ऑक्सिजनची ही अट विसरू नका. गाठीच्या आतल्या भागात रक्त पोचत नसेल तर तिथे प्रथिन तयार होऊनही चकाकत नाही. अशा वेळी 'मध्यभागी जनुक बंद आहे' असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकतो.

प्रश्न : औषध दिल्यावर आमच्या जनुकाचा एमआरएनए (पेशी प्रथिन बनवण्यासाठी काढते ती जनुकाची तात्पुरती प्रत) चार तासांत उतरला, पण त्याच प्रमोटरवरचं (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-तुकड्यावरचं) जीएफपी दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढंच दिसतं. कुणाचं खरं मानायचं?

दोघांचंही. एमआरएनए 'आत्ता काय चाललंय' ते सांगतो. जीएफपी 'गेल्या एक-दोन दिवसांत काय काय झालं' त्याची बेरीज दाखवतं. संवर्धनातल्या सस्तन पेशींमध्ये जीएफपीचं अर्धायुष्य सुमारे २६ तास मोजलं गेलं आहे. म्हणजे जनुक पूर्ण बंद पडलं तरी २४ तासांनी निम्म्याहून थोडं जास्त, सुमारे ५३ टक्के प्रथिन शिल्लक असतं. त्यात चित्र सॉफ्टवेअरने आपोआप उजळवलेलं असेल, तर निम्मा झालेला उजेड डोळ्याला 'तेवढाच' वाटतो.

बंद होणं पाहायचं असेल तर अल्पायुषी जीएफपी वापरा. उंदराच्या ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज या एन्झाइमची शेपटी, म्हणजे पेस्ट हा तुकडा, जीएफपीच्या शेवटी जोडला की पेशी ते प्रथिन लवकर मोडीत काढते. सर्वाधिक वापरात असलेल्या रूपाचं अर्धायुष्य सुमारे २ तास आहे. सहा तासांत त्याचा आठवा हिस्साच उरतो.

याची किंमत आधीच हिशेबात धरा. उत्पादनाचा वेग तोच असेल तर साठणारं प्रथिन अर्धायुष्याच्या प्रमाणात असतं. २६ तासांवरून २ तासांवर आलात की उजेड सुमारे तेरा पट कमी होतो. प्रमोटर दुबळा असेल तर चित्र काळंच येईल. म्हणून दोन्ही रूपं आधी पेशीसंवर्धनात शेजारी शेजारी तपासा आणि मगच प्राण्याची ओळ, म्हणजे रिपोर्टर पुढच्या पिढ्यांत नेणारा वंश, तयार करायला घ्या.

सुरुवातीलाही अशीच दिरंगाई असते. प्रथिन तयार झाल्यावर त्याची घडी बसून रंगकेंद्र पिकायला वेळ लागतो. सुधारित जीएफपी आणि लाल चकाकणारं एमचेरी यांना मिनिटांच्या हिशेबात लागतो, डीएसरेड या लाल प्रथिनाच्या मूळ रूपाला मात्र पूर्ण लाल व्हायला दिवसाहून जास्त लागायचा. शिवाय ते मधल्या काळात हिरवं चकाकायचं, त्यामुळे हिरव्या फिल्टरमध्ये भलताच संकेत मिळायचा. अल्पायुषी रिपोर्टरसाठी मंद पिकणारं प्रथिन निवडलं तर बरेचसे रेणू पिकण्याआधीच मोडले जातात.

आणखी एक गोष्ट. पेशी विभागत असतील तर प्रथिन न मोडताही दर विभाजनाला निम्मं होतं. वाढत्या भ्रूणात उजेड ओसरला तर आधी पेशींची संख्या पाहा.

प्रश्न : दोन किलोबेसचा (दोन हजार डीएनए-अक्षरांचा) प्रमोटर तुकडा वापरून पाच ओळी तयार केल्या. पाचही ओळींत चकाकी वेगवेगळ्या ठिकाणी! चूक कुठे झाली?

ही चूक नाही, या पद्धतीचा स्वभाव आहे. तुकडा गुणसूत्रात जिथे जाऊन पडतो तिथल्या शेजाऱ्यांचं नियंत्रण त्याच्यावर चालतं. शिवाय जनुकाचे काही वर्धक घटक, म्हणजे त्याचं वाचन वाढवणारे डीएनए-तुकडे, दहा-वीस किलोबेस लांब किंवा इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिनात न उतरणाऱ्या मधल्या भागात) असू शकतात आणि तुमच्या तुकड्यात ते आलेलेच नसतात. पाचपैकी किमान तीन ओळींत जे समान दिसतं तेवढंच प्रमोटरचं मानावं. एकाच ओळीत दिसणारी जागा निष्कर्षातून वगळावी.

खात्रीचा मार्ग म्हणजे मूळ जनुकातच रिपोर्टर बसवणं. जनुकाचा शेवटचा थांबा-कोडॉन काढून तिथे पी-टू-ए हा छोटा जोडतुकडा आणि मग जीएफपी घालतात. वाचन करताना रायबोसोम (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) पी-टू-ए पाशी एक बंध जोडायचा सोडून देतो, त्यामुळे दोन स्वतंत्र प्रथिनं मिळतात. इथे तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. थांबा-कोडॉन काढायचा राहतो, आणि मग जीएफपी येतच नाही. वाचनचौकट एका-दोन अक्षरांनी सरकते. आणि पी-टू-ए चा सुमारे वीस अमिनो आम्लांचा तुकडा मूळ प्रथिनाच्या शेपटीला कायमचा चिकटतो. त्या प्रथिनाचं काम शेपटीवर अवलंबून असेल तर प्राणी अर्धवट उत्परिवर्तित होऊन बसतो. अशा वेळी आयआरईएस, म्हणजे रायबोसोमला मधूनच नवं वाचन सुरू करू देणारा तुकडा, वापरा. त्यात मूळ प्रथिनाला काही चिकटत नाही, पण मागचं जीएफपी बहुधा कमी प्रमाणात तयार होतं.

हिस्टोनला (केंद्रकात डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाला) जोडलेलं जीएफपी केंद्रकात गोळा होतं, त्यामुळे पेशी मोजणं फार सोपं जातं. पण ते खूप काळ टिकतं. जनुक बंद झाल्याचं मोजायला ते घेऊ नका.

प्रश्न : उंदराच्या पोटात जोरदार संकेत मिळतो, पण रिपोर्टर नसलेल्या उंदराचं पोटही तसंच चकाकतं. फिल्टर बदलून पाहिले. काय करावं?

फिल्टरच्या आधी खाणं बदला. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात अल्फाल्फा म्हणजे लसूणघास असतो. त्यातलं हरितद्रव्य ६७० नॅनोमीटरच्या आसपास लाल चकाकतं, आणि आतडं भरलेलं असलं की पोट दिव्यासारखं दिसतं. लसूणघासविरहित शुद्ध खाद्य किमान एक आठवडा, जमल्यास दोन आठवडे द्या. उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात, म्हणून खाद्य बदलल्याच्या दिवशी आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी पिंजऱ्यातला भुसा बदला. नाहीतर जुनं हरितद्रव्य फिरून पोटात जातं. लघवीही चकाकते, भूल दिल्यावर खाली सांडलेला थेंब चित्रात यायच्या आत पुसून घ्या.

दुसरं कारण केस आणि कातडी. पांढरे केस प्रकाश विखुरतात आणि स्वतः चकाकतात, काळे केस तो शोषून घेतात. आधी मशीनने केस काढा, मग केस काढण्याचं मलम एक-दोन मिनिटं लावून कोमट ओल्या कापसाने दोन-तीनदा पुसा. मलम जास्त वेळ राहिलं तर कातडी लाल होते, तिथलं रक्त वाढतं आणि मोजणी बिघडते. म्हणून हे काम चित्रणाच्या आदल्या दिवशी उरका. काळ्या वाणाच्या उंदरांत केस उगवण्याच्या टप्प्यात कातडीवरच काळे डाग उमटतात. त्या डागाखालचा संकेत मंद दिसतो आणि तो जनुकाचा दोष नसतो. शक्य असेल तर पांढरा किंवा केस नसलेला वाण घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: तरंगलांबी. जीएफपीला ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो आणि ते ५०७ च्या आसपास हिरवं चकाकतं. साधारण ६०० च्या खालचा प्रकाश हिमोग्लोबिन गिळतं. त्यातून नुकसान दुहेरी असतं, आत जाणारा निळा प्रकाश घटतो आणि बाहेर येणारा हिरवाही. ऊतींतल्या कोलॅजन आणि फ्लेविन या पदार्थांची स्वतःची चकाकीही याच हिरव्या पट्ट्यात पडते. अख्ख्या उंदरात कातडीखालच्या गाठीपलीकडे जीएफपीची अपेक्षा ठेवू नका. ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या खिडकीत ऊती सगळ्यांत पारदर्शक असतात. म्हणून आयआरएफपी-७१३ सारखी प्रथिनं निवडा. ती ६९० ला उत्तेजित होतात आणि ७१३ ला चकाकतात. त्यांना बिलिव्हर्डिन हा सहघटक लागतो. हीमच्या विघटनातून तो सस्तन प्राण्यांच्या शरीरात आपोआप तयार होतो, पण सगळ्या ऊतींत सारखा नसतो. त्यामुळे यकृत आणि स्नायू यांच्या उजेडाची थेट तुलना करू नका. एकाच अवयवाची वेगवेगळ्या दिवशीची तुलना जास्त विश्वासाची.

एवढं करूनही पार्श्वभूमी उरलीच तर वर्णपट वेगळे करा. एकाच फिल्टरवर न थांबता उत्तेजनाच्या चार-पाच तरंगलांबींवर चित्रं घ्या. रिपोर्टर नसलेल्या उंदराचा वर्णपट 'फक्त पार्श्वभूमी' म्हणून सॉफ्टवेअरला द्या आणि तो वजा करा. हा उंदीर त्याच वाणाचा, त्याच खाद्यावरचा आणि त्याच दिवशी चित्रित केलेला हवा. मागच्या महिन्याचं नियंत्रण इथे कामाचं नाही.

भुलेसाठी आयसोफ्लुरेन सुरुवातीला ३ ते ४ टक्के आणि नंतर १.५ ते २ टक्के पुरतं. डोळ्यांना मलम लावा, खालचा मंच ३७ अंशांवर ठेवा. भुलेत उंदीर झपाट्याने गार पडतो, रक्तप्रवाह बदलतो आणि त्याबरोबर उजेडही बदलतो. हे सगळं प्राणी-नीती समितीने मंजूर केलेल्या आराखड्यात आधीच लिहिलेलं असावं, खाद्यबदलासकट.

प्रश्न : मग ल्युसिफरेज, म्हणजे काजव्यासारखा स्वतः उजेड पाडणारं एन्झाइमच, का वापरू नये?

अख्ख्या उंदरात, खोलवर आणि थोड्या पेशींसाठी ल्युसिफरेज खरोखर सरस आहे. त्याला बाहेरून प्रकाश लागत नाही, म्हणून ऊतींची स्वतःची चकाकी उद्भवतच नाही. काजव्याच्या ल्युसिफरेजचं अर्धायुष्यही काही तासांचंच असतं. त्याला लागणारं डी-ल्युसिफेरिन हे रसायन पोटाच्या पोकळीत दर किलो वजनाला १५० मिलिग्रॅम देतात. २५ ग्रॅमच्या उंदराला ३.७५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला १५ मिलिग्रॅमच्या द्रावणाचे २५० मायक्रोलिटर. उजेड साधारण १० ते २० मिनिटांनी शिखरावर येतो. तुमच्या ओळीत तो नेमका कधी येतो, हे पहिल्या वेळी दर दोन मिनिटांनी चित्र घेऊन ठरवा. सुई चुकून आतड्यात गेली तर त्या दिवशीचा उंदीर 'बंद' दिसतो. एकाएकी शून्य आकडा आला तर आधी ही शंका घ्या.

पण नेमकी कोणती पेशी, हा प्रश्न असेल तर फ्लुरोसन्सकडेच यावं लागतं. ल्युसिफरेजचा उजेड इतका मंद असतो की एक्स्पोजर अनेक सेकंदांपासून मिनिटांपर्यंत जातं आणि चित्र धूसर राहतं.

प्रश्न : झेब्राफिशचं भ्रूण रात्रभर चित्रित करायचं आहे. काळे ठिपके आड येतात, भ्रूण सरकतं आणि सकाळपर्यंत हृदय मंदावलेलं असतं.

ठिपक्यांसाठी पीटीयू हे रंगद्रव्य बनू न देणारं रसायन ०.००३ टक्के, भ्रूण २४ तासांचं होण्याआधी सुरू करा. रंगद्रव्य एकदा बनलं की पीटीयू ते घालवत नाही. फार आधी, गॅस्ट्रुला या भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच दिलं तर विकृती वाढतात. पीटीयू थायरॉइडवरही परिणाम करतं, तेव्हा त्या विषयावर काम असेल तर ते टाळा आणि रंगद्रव्य कमी असलेला कॅस्पर वाण घ्या. पीटीयू विषारी आहे; हातमोजे हवेतच.

भुलेसाठी ट्रायकेन. साठ्याचं द्रावण असं करा: ४०० मिलिग्रॅम ट्रायकेन, ९७.९ मिलिलिटर पाणी, २.१ मिलिलिटर एक मोलर ट्रिस, आणि सामू ७ वर आणा. यातलं ४.२ मिलिलिटर सुमारे १०० मिलिलिटर भ्रूणपाण्यात टाका, म्हणजे साधारण ०.०१६ टक्के होतं. ट्रायकेन मुळात आम्लधर्मी आहे. सामू न साधता वापरलं तर भ्रूणाला इजा होते, आणि 'लेसरने मेलं' अशी तक्रार येते तेव्हा कधीकधी कारण हेच असतं. रात्रभराच्या कामात मात्रा हळूहळू कमी करून पाहा. हालचाल थांबेल इतकीच ठेवा, कारण याच औषधाने हृदयाचे ठोकेही मंदावतात.

रोवण्यासाठी कमी तापमानाला वितळणारं अगारोज (जेलीसारखं गोठणारं द्रव्य) १ टक्का, भ्रूणपाण्यातच केलेलं, ३७ ते ४० अंशांवर ठेवा. भ्रूण पिपेटमध्ये घेताना सोबत पाणी कमीत कमी येऊ द्या. जास्त आलं तर अगारोज पातळ होतं आणि भ्रूण सरकण्याचं नेहमीचं कारण हेच. थेंबात सोडल्यावर गोठायच्या आत सुईने वळवा. उलट्या सूक्ष्मदर्शकावर पाहायचा भाग काचेला टेकला पाहिजे. दहा मिनिटं गोठू द्या आणि वरून ट्रायकेन घातलेलं पाणी ओता. शेपटीभोवतीचं अगारोज कापून काढा, नाहीतर रात्रभरात वाढणारी शेपटी वाकडी होते किंवा भ्रूण स्वतःला पुढे ढकलतं. मंच २८.५ अंशांवर आला की आणखी अर्धा तास थांबा. घाईने सुरू केलेल्या मालिकेत पहिल्या अर्ध्या तासाचा फोकस हमखास घसरतो.

पिवळा बलक स्वतः चकाकतो. त्याच्या लगतच्या पेशींचा आकडा रिपोर्टर नसलेल्या भावंडाशी ताडूनच घ्या.

प्रश्न : तासागणिक पेशी मंद होत जातात. जनुक बंद होतंय की रंग उडतोय, हे कसं ओळखावं?

त्याच प्राण्यात शेजारचा, आजवर प्रकाश न पडलेला भाग मालिकेच्या शेवटी एकदाच चित्रित करा. चित्रित भाग मंद आणि शेजारचा उजळ असेल तर रंग उडाला. दोन्ही सारखेच मंद असतील तर जनुकाकडे बोट दाखवता येतं. ही पाच मिनिटांची चाचणी आहे आणि ती मालिकेच्या आराखड्यातच धरावी. दुसरी खबरदारी म्हणून सतत चालू प्रमोटरवरचं वेगळ्या रंगाचं प्रथिन त्याच प्राण्यात ठेवा आणि दोन रंगांचं गुणोत्तर मोजा. मात्र दोन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, तो वेग वेगवेगळा मोजून घ्या.

लेसर निम्मा करून एक्स्पोजर दुप्पट केलं तर बहुतेक वेळा पेशी जास्त काळ तग धरतात. पातळ प्रकाशपत्र टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकात फक्त पाहायचा थरच उजळतो, म्हणून लांब मालिकांसाठी तो उत्तम. उंदराच्या मेंदूसारख्या जाड ऊतीत द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक घ्या. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दाखवलेल्या या पद्धतीत जीएफपीसाठी ९२० नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर लावतात आणि अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून खोल पाहता येतं.

प्रश्न : सूत्रकृमीचं आतडं प्रत्येक फिल्टरमध्ये चकाकतं.

आतड्यातले कण स्वतःच चकाकतात, वयाबरोबर जास्तच. तरुण प्रौढ कृमी घ्या, लाल रिपोर्टर निवडा आणि आतड्याचा आकडा रिपोर्टर नसलेल्या कृमीशिवाय छापू नका. २ टक्के अगारोजच्या थरावर स्थिर करताना ताणाशी संबंधित जनुक मोजत असाल तर सोडियम अझाइड टाळा; ते पेशींचं श्वसनच रोखतं. लेव्हामिसोल वापरा.

प्रश्न : काही मिनिटांत चालू-बंद होणाऱ्या जनुकांचं काय?

तिथे चकाकणारं प्रथिन पुरतं कमी पडतं. फळमाशीच्या भ्रूणात केंद्रकांची सुरुवातीची विभाजनं मिनिटांच्या अंतरावर होतात, तेवढ्यात जीएफपी पिकतही नाही. तिथे जनुकातच एमएस-टू नावाच्या आरएनए-गाठींच्या, बहुधा २४, प्रती बसवतात आणि त्यांना चिकटणारं, जीएफपी जोडलेलं प्रथिन आधीपासून पेशीत ठेवतात. जनुक वाचलं जाऊ लागलं की केंद्रकात ठिपका उजळतो आणि वाचन थांबलं की विझतो. २०१३ मध्ये फळमाशीच्या हंचबॅक या जनुकाचं वाचन जिवंत भ्रूणात असंच पाहिलं गेलं. चिकटणारं प्रथिन जास्त झालं तर सगळं केंद्रकच हिरवं होतं आणि ठिपका बुडून जातो, म्हणून त्याचा प्रमोटर मुद्दाम दुबळा निवडा.

प्रश्न : चित्रातून आकडा काढताना काय पाळावं?

सोळा बिटांच्या कॅमेऱ्यात ६५,५३५ ही कमाल मर्यादा. एकही पिक्सेल तिथे टेकला तर त्या भागाचा आकडा खोटा, म्हणून एक्स्पोजर सगळ्यांत उजळ प्राण्यावर ठरवा आणि मग सगळ्यांना तेच ठेवा. मोजणी मूळ फाइलवर करा. उजळवलेल्या किंवा जेपीईजी चित्रावर कधीच नको. मोजायच्या भागाचा आकार सगळ्या प्राण्यांत सारखा असू द्या आणि नियंत्रण प्राण्याची त्याच जागेची सरासरी वजा करा. एका माशातल्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे नमुने नव्हेत. तो एकच मासा आहे आणि संख्याशास्त्रात त्याला एकच धरावं. शेवटी दोन-तीन वेळबिंदूंवर काही प्राण्यांच्या त्याच ऊतीतला एमआरएनए मोजा आणि उजेडाच्या आकड्याशेजारी मांडा. उजेड आरएनएच्या किती तास मागे चालतो, हा तुमच्या रिपोर्टरचा स्वतःचा आकडा मिळेल. तो आलेखाच्या खाली छापा.